दोन आठवडे द्या : मल्टिप्लेक्सच्या प्रोग्रॅमिंग विभागाला खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्स साखळ्यांचे प्रोग्रॅमिंग विभाग
(म्हणजे कुठल्या पडद्यावर कुठला सिनेमा किती वाजता लागणार हे जे कोणी ठरवतात, ते सगळे)

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, पण दर आठवड्याला तुम्ही जे वेळापत्रक टाकता ते मी न चुकता वाचते. नाशिकमध्ये माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाबाहेर एक छोटा फळा टांगलाय. एका बाजूला 'लॅमिनेशन उद्या मिळेल', दुसऱ्या बाजूला मी नुकत्याच बघितलेल्या सिनेमाचं किंवा वेब सिरीजचं नाव आणि खाली एक-दोन ओळी. 'शेवट कुणाला सांगू नका.' 'पहिली वीस मिनिटं धीर धरा, मग जमतं.' 'आईला नक्की न्या, लहान मुलांना नको.' कुठे लागलाय, किती वाजता, तेही लिहिते. याचे मला कुणी पैसे देत नाही. दिले तरी घेणार नाही, कारण मग 'नका जाऊ' असं लिहायची सोय राहणार नाही. आणि ते मी बरेचदा लिहिते. सिनेमा मराठी आहे म्हणून माझ्याकडे पाच मार्कांची सूट नाही.

फळा वाचणारी माणसं कोण, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या एक्सेल शीटमध्ये ती दिसत नाहीत. परीक्षेचे फॉर्म भरणारी मुलं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत कामाला असलेले, आधार कार्डाच्या प्रती काढायला येणारे. शाळेच्या बाई, भिशीच्या बायका, निवृत्तीनंतर दर महिन्याला कसला ना कसला दाखला लागणारे काका. यातलं कुणीही फळा वाचून त्याच दिवशी सिनेमाला जात नाही. मंगळवारी वाचतात, बुधवारी घरी विचारतात, गुरुवारी 'तुम्ही खरंच बघितलात का?' अशी माझी उलटतपासणी घेतात आणि मग शनिवार-रविवारचं ठरवतात. तोवर तुम्ही तो सिनेमा उतरवलेला असतो.

हे पत्र आत्ता लिहायचं कारण गेल्या महिन्यातलं. एक मराठी सिनेमा शुक्रवारी लागला. नाव लिहीत नाही, कारण त्या निर्मात्याला पुढचा सिनेमा घेऊन तुमच्याच दारात यायचंय. आमच्या भागातल्या मल्टिप्लेक्समध्ये त्याला दिवसाचा एकच शो, तोही सकाळी दहाच्या आत. मी रविवारी बघितला, आवडला, सोमवारी फळ्यावर लिहिला. शुक्रवारी आयटीआयमधले एक सर दुकानात आले ते मोबाईल पुढे करूनच. "ताई, तुमचा सिनेमा दिसत नाही यात." त्यांना सहा तिकिटं हवी होती, सासू-सासऱ्यांसकट. ॲपवर ना नाव, ना वेळ. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि 'ओटीटीवर येईल तेव्हा बघू' म्हणत ते प्रिंटआउट घेऊन गेले.

ते 'ओटीटीवर येईल तेव्हा बघू' हल्ली तुमच्या बैठकांमध्ये प्रेक्षकांचा दोष म्हणून ऐकवलं जात असेल. ही सवय लोकांना लावली कुणी, तेही एकदा बघा.

तुमचं म्हणणं मला माहीत आहे. वितरकांकडून, थिएटरवाल्यांकडून ते अनेकदा ऐकलंय: पहिल्या वीकेंडची ऑक्युपन्सी, म्हणजे किती खुर्च्या भरल्या ते, बघायची आणि सोमवारी शो कमी करायचे किंवा वाढवायचे. मोठ्या हिंदी सिनेमाला हे लागू पडतं. त्याची जाहिरात महिनाभर आधीपासून टीव्हीवर, बसवर, क्रिकेटच्या मॅचमध्ये सुरू असते. शुक्रवार उजाडायच्या आधीच लोकांचं ठरलेलं असतं. मराठी सिनेमाकडे तेवढा पैसा नसतो. त्याची जाहिरात म्हणजे पहिल्या तीन दिवसांत जाऊन आलेली माणसं. ज्याला आपण सगळे माउथ पब्लिसिटी म्हणतो ती सोमवारी सुरू होते आणि तुम्ही निकाल लावता तोही सोमवारीच. पोळी तव्यावर टाकून लगेच काढायची आणि वर कच्ची राहिली म्हणायचं, असा हा हिशोब आहे.

वेळ मिळाला तर काय होतं ते तुम्ही स्वतःच्या गल्ल्यावर बघितलंय. 'बाईपण भारी देवा' 30 जून 2023 ला लागला. पहिल्या वीकेंडपेक्षा दुसऱ्या वीकेंडचा धंदा मोठा होता. बायका गटानं, ठरवून, साड्या नेसून गेल्या; एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं अख्ख्या सोसायटीला. पहिल्या सोमवारी एखाद्या शहाण्यानं त्याचे शो निम्मे केले असते तर हा दुसरा वीकेंड आलाच नसता. 'वाळवी' जानेवारी 2023 मधला, 'वेड' या सिनेमाचा जोर असताना आलेला. रहस्यपट असल्यामुळे त्याबद्दल काही सांगायचीच चोरी. 'काही विचारू नका, फक्त जा' एवढ्या एका वाक्यावर लोकांनी एकमेकांना पाठवलं. पुढे त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

याहून मोठं उदाहरण 'तुंबाड'चं. सिनेमा हिंदी, पण माती आपल्या कोकणातली. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा बेताचाच चालला. मग सहा वर्षं लोक एकमेकांना सांगत राहिले. सप्टेंबर 2024 मध्ये तुम्हीच तो पुन्हा लावलात आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावलंत. शिफारस पोचायला वेळ लागतो हे तुम्हाला पटलेलंच आहे. जुन्या सिनेमाला सहा वर्षं मिळाली, नव्याला सहा दिवस तरी पुरे मिळू देत.

आता तक्रारी. क्रम माझ्या रागाच्या प्रमाणात आहे.

पहिली वेळेची. सकाळी साडेनऊ-दहाचा किंवा दुपारी पावणेतीनचा शो लावायचा आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की 'मराठीला प्रेक्षक नाही' म्हणायचं, हा प्रकार बंद व्हायला हवा. सातपूरला पहिली पाळी सुटते तेव्हा तुमचा दुपारचा शो अर्ध्यावर आलेला असतो. जनरल शिफ्टवाला घरी पोचून आंघोळ करेपर्यंत सात वाजतात. दुकानदार दुपारी शटर ओढू शकत नाही. मग त्या वेळेला जाणार कोण? दुपारचा शो मुळात वाईट असतो असं नाही. बायकांच्या गटांनी दुपारचे शो भरून दाखवलेच आहेत. पण तिथे प्रेक्षक कोण आहे हे पाहून वेळ ठरवावी लागते. तुमच्याकडे मोठ्या सिनेमांचे शो लावून जी फट उरते तिच्यात मराठी बसवला जातो. बापाच्या निवृत्तीवरचा गंभीर सिनेमा सकाळी दहाला आणि लहान मुलांचा सिनेमा शाळेच्या वेळात, असलं वेळापत्रक मी स्वतः बघितलंय.

कायद्याचं म्हणाल तर तेही सांगते. एप्रिल 2015 मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी जाहीर केलं, की संध्याकाळी 6 ते 9 या प्राइम टाइममध्ये मल्टिप्लेक्सना मराठी सिनेमा दाखवावा लागेल. गदारोळ झाला, आणि बघता बघता प्राइम टाइम दुपारी 12 ते रात्री 9 असा ताणला गेला. मंगळवारी दुपारी सव्वाबाराला कुणाचा प्राइम टाइम असतो, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. त्याच महिन्यात, 17 एप्रिलला, 'कोर्ट' प्रदर्शित झाला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार नुकताच जाहीर झालेला असताना. तसला सिनेमा ट्रेलरवर विकला जात नाही. कुणीतरी बघून यावं लागतं, घरी येऊन गप्प बसावं लागतं, आणि दोन दिवसांनी म्हणावं लागतं, 'तू बघच.' त्या दोन दिवसांची सोय तुमच्या पद्धतीत नाही.

दुसरी तक्रार वेळापत्रक उशिरा टाकण्याची. शुक्रवारचे शो गुरुवारी रात्रीपर्यंत दिसत नाहीत. हिंदीचं आगाऊ बुकिंग आठवडाभर आधी उघडतं, मराठीचं शेवटच्या रात्री. ज्यांना सहा-आठ जणांचं जमवायचं असतं, आजींसाठी रिक्षा सांगायची असते, दुकानावर कुणाला तरी बसवायचं असतं, त्यांनी काय करायचं? आणि वेळ जाहीर झाली तरी ती रोज बदलते. शनिवारी साडेचार, रविवारी एक, सोमवारी गायब. फळ्यावर वेळ लिहायची म्हणजे हातात डस्टर घेऊनच उभं राहावं लागतं.

तिसरी, विकलेला शो रद्द करण्याची. आम्ही पाच जणींनी एका मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली, निम्म्या वाटेवर असताना मेसेज आला: तांत्रिक कारणामुळे शो रद्द, पैसे परत मिळतील. तिथे पोचून विचारलं तर काउंटरवरचा मुलगा बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मॅडम, तुमचीच पाच तिकिटं गेली होती. त्याच वेळेला हिंदी आहे, तो देऊ का?" पैसे परत आले, खोटं बोलणार नाही. पण त्या पाच जणींपैकी दोघींनी तेव्हापासून मराठी सिनेमाचं आगाऊ तिकीट काढलेलं नाही.

तिकिटाच्या दराबद्दल फार बोलत नाही, पॉपकॉर्नबद्दल तर मुळीच नाही. त्यावर महाराष्ट्रात पुरेसे विनोद झालेत. एवढंच म्हणते, की राष्ट्रीय चित्रपट दिनाला तुम्ही 2022 मध्ये 75 रुपये आणि पुढच्या दोन वर्षी 99 रुपये तिकीट ठेवलंत, तेव्हा घरातून बाहेर न पडणारी माणसंसुद्धा रांगेत दिसली. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलाय, वरच्याला 18 टक्के तसाच. म्हणजे रिकाम्या पडणाऱ्या मंगळवार-बुधवारी शंभरच्या आतलं तिकीट ठेवायला आता एक कारण आणखी मिळालं.

चौथी गोष्ट मी नाशिकची असल्यामुळे जास्त लागलेली. 'गोदावरी' नावाचा सिनेमा आमच्या गावात, आमच्या नदीवर झालेला. आम्ही तिला गंगा म्हणतो. 'गंगेवर जाऊन येतो' म्हणजे रामकुंडाकडे. जितेंद्र जोशी यांना त्यातल्या कामासाठी इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार आधीच मिळाला होता. सिनेमा 11 नोव्हेंबर 2022 ला आला, त्याच शुक्रवारी 'ऊंचाई' आणि 'ब्लॅक पँथर'चा दुसरा भागही आले. पुढे ऑगस्ट 2023 मध्ये निखिल महाजन यांना याच सिनेमासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि दुकानात तीन दिवस एकच प्रश्न: 'कुठे लागलाय?' कुठेच नाही. थिएटरातून उतरून कितीतरी महिने झाले होते. ज्या घाटावरची माणसं त्या पडद्यावर दिसतात, त्या घाटापासून रिक्षाच्या अंतरावर तुमचे एवढे पडदे आहेत. एका आठवड्याचा एक शो पुन्हा लावावा, हे तुमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. दादासाहेब फाळके याच जिल्ह्यातले, त्र्यंबकचे. त्यांच्या नावानं भाषणं करायला आम्ही नाशिककर कमी पडत नाही, तो भाग वेगळा.

घरी बसून बघायच्या गोष्टींचं उलट आहे बघा. 'मानवत मर्डर्स' ही वेब सिरीज ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर आली. मी सावकाशीनं बघितली, सावकाशीनं लिहिली, आणि त्यानंतरही आठवडेच्या आठवडे लोक सांगायला येत होते: 'काल संपवली. सई ताम्हणकर ओळखूच आली नाही.' चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' 2021 च्या एप्रिलमध्ये नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या एका मुलाला मी तो अगदी अलीकडे सुचवला. तिथे शिफारशीला मुदत नाही. तुमच्याकडे ती शुक्रवार ते रविवार. तरीही मला लोकांना थिएटरातच पाठवायचं असतं. 'दशावतार'मध्ये दिलीप प्रभावळकर पडद्यावर येतात तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाचा श्वास आपल्याला ऐकू येतो. सोफ्यावर बसून हे मिळत नाही, आणि तुमचा धंदा त्यावरच उभा आहे.

न्यायाला धरून एवढंही सांगते, की सगळा दोष तुमचा नाही. 12 सप्टेंबर 2025 ला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे एकाच दिवशी आले. तीन निर्मात्यांना एक फोन करता आला नाही? मीही एका वीकेंडला तीन बघू शकत नाही, मला दुकान आहे. शिवाय दर वर्षी कितीतरी मराठी सिनेमे असे येतात, की त्यांचा दुसरा आठवडा मागायला माझी जीभ रेटणार नाही. अनुदानासाठी काढलेले, ओळखीच्यांना घेऊन केलेले, पोस्टरवर नऊ चेहरे आणि गोष्ट एकही नाही. ते उतरवा, माझी हरकत नाही. पण चांगला कुठला आणि वाईट कुठला हे लोकांना ठरवू द्या, आणि ते ठरवायला वेळ द्या.

आणखी एक भीती आहे, ती मोकळेपणानं सांगते. 1971 मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरात दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला बाजूला सारून देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं ठरलं, तेव्हा शिवसेना उतरली आणि 'सोंगाड्या' लागला. पुढे त्यांचे नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नोंद झाली. जुलै 2025 मध्ये 'सैयारा'मुळे 'ये रे ये रे पैसा 3'चे शो काढले गेले तेव्हाही पक्षांनाच बोलावं लागलं. म्हणजे पन्नास वर्षांहून जास्त काळ गेला तरी मराठी सिनेमाचा शो कुणीतरी आवाज चढवल्यावरच मिळतो. मला तसा मिळालेला शो नको. काचेच्या दाराबाहेर पोलीस उभे असताना कोण आपल्या आईला घेऊन सिनेमाला जाईल? साधं वेळापत्रक नीट लावलंत तर कुणाला यायची गरजच पडणार नाही. आणि हो, रौप्यमहोत्सव म्हणजे 25 आठवडे. मी दोन मागतेय.

मागण्या अशा:

1. जो मराठी सिनेमा तुम्ही लावाल, त्याला किमान दोन आठवडे रोज एक शो, ठरलेल्या वेळी. उतरवायचा की वाढवायचा, हा निर्णय दुसऱ्या सोमवारी.

2. तो एक शो सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी साडेसहा ते नऊच्या दरम्यान सुरू होणारा असावा. शनिवार-रविवारी दोन शो, त्यातला एक दुपारचा चालेल.

3. शुक्रवारपासूनचं वेळापत्रक मंगळवारी रात्रीपर्यंत बुकिंगला उघडावं. एकदा टाकलेली वेळ त्या आठवड्यात बदलू नये.

4. तिकीट विकलं की शो होणार. पाच जणांसाठी होणार, दोघांसाठीही होणार. खरोखर मशीन बिघडलं तर गोष्ट वेगळी, पण मग त्याच पडद्यावर तासाभरानं हिंदी सुरू झालेला दिसता कामा नये.

5. ऑक्युपन्सीचे आकडे निर्मात्याला शोच्या वेळेनुसार द्यावेत. सकाळी दहाचा आणि रात्री आठचा शो एकत्र करून काढलेली सरासरी कुणाच्याही कामाची नाही.

6. सोमवार ते गुरुवार शंभर रुपयांच्या आतलं तिकीट. निदान मराठीसाठी करून बघा, निदान तीन महिने.

7. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला मराठी सिनेमा पुरस्कार जाहीर झाल्यावर पंधरा दिवसांत, ज्या शहरात तो घडतो तिथे तरी, एक आठवडा पुन्हा लावावा.

पहिल्या पाचांना पैसे लागत नाहीत. सहावीत थोडी जोखीम आहे, ती मला कबूल आहे. सातवीचा खर्च जुने हिंदी सिनेमे पुन्हा लावताना तुम्ही आनंदानं करताच.

यातलं काय जमेल, काय जमणार नाही, आणि नसेल तर का, हे तुमच्यापैकी एकानं तरी जाहीर लिहावं. मला वैयक्तिक फोन किंवा कूपन नको. आमच्या शहरापुरती, एका पडद्यावर, येत्या तीन महिन्यांत पहिली आणि तिसरी मागणी करून बघायची तयारी असेल तर तारीख कळवा. तिकिटं खपवायचं काम आम्ही फुकटात करू.

कळावे,

आपली,
तिकीट काढून सिनेमा बघणारी एक दुकानदार
नाशिक

प्रत माहितीसाठी : मराठी चित्रपटांचे निर्माते आणि वितरक. पुढच्या शुक्रवारच्या तारखा कृपया एकमेकांना विचारून ठरवा.